काकीला सांगितलेला राजपुत्र

राजपुत्र माझ्या वाट्याला आला तो उरलासुरला म्हणून. सांगलीत मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हाची गोष्ट. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या छापखानेवाल्यांनी मुलांसाठी थोरामोठ्यांची चरित्रं काढायचं मनावर घेतलं होतं. मी त्यांच्याकडे पोचेपर्यंत सगळे बादशहा, सगळे सेनापती, सगळे शोध लावणारे वाटून झाले होते. नावाजलेली माणसं पुरुष मास्तरांनी आधीच पळवली होती. "बाई, हा एक राहिलाय," म्हणून त्यांनी मला जर्मनीतल्या एका राज्याचा युवराज दिला. पहिल्या महायुद्धात एका अख्ख्या सैन्याचा सेनापती, पण राजा काही कधी झाला नाही. मी म्हटलं, राजा न झालेल्याचं काय लिहायचं? तर म्हणतात, "लिहा हो काहीतरी, मुलांना काय कळतंय!" असा संताप आला मला. पण घेतला. संध्याकाळी दुसरं करायचं तरी काय होतं?

खणभागात माझी एक खोली होती. शाळेतून यायचं, स्टो पेटवायचा, मूठभर भात टाकायचा आणि तो शिजेपर्यंत भिंतीकडे बघत बसायचं. एका माणसाचा स्वयंपाक ही शिक्षा आहे, ज्यानं केलाय त्यालाच कळेल. लग्न झालं नव्हतं आणि आता स्थळं यायचीही थांबली होती. आईवडील गेलेले. शनिवारी दुपारी शाळा सुटली की सोमवार सकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. तेव्हा हा राजपुत्र घरात आला ते एका अर्थी बरंच झालं. सातारला एका जुन्या वाचनालयात लढाईवरची इंग्रजी पुस्तकं धूळ खात पडली होती, ती मी सुट्टीत जाऊन वाचायची. आणि तिथंच एका दुपारी नकाशावर बोट फिरवता फिरवता माझं बोट थांबलं. फ्रान्समध्ये ज्या पट्ट्यात आपल्याकडचे शिपाई पहिल्या हिवाळ्यात खंदकात उतरवले होते, त्याच्या बरोबर समोर ह्या राजपुत्राचं सैन्य होतं. म्हणजे माझे थोरले काका ह्याच्याच समोर उभे होते.

आमचं गाव कोरेगावच्या पलीकडचं. दर घरातला एक तरी पलटणीत, अशी रीतच तिथली. थोरले काका, माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, त्याच लढाईत फ्रान्सला गेले ते परत आलेच नाहीत. 'बेपत्ता' एवढंच सरकारनं कळवलं. मेल्याचं नाही, जगल्याचं नाही. काकीचं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, बारा वर्षांची पोर. आमच्याकडे अशा नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाच्या पानांचं माणूस करतात, त्याला अग्नी देतात, आणि त्याच दिवशी बायकोचं कुंकू उतरतं. बारा वर्षं भरल्यावर भावकी पळसाची पानं घेऊन आली, तर काकी अंगणात आडवी पडली म्हणे. "मला वलांडून जावा," म्हणाली. कुणाची छाती झाली नाही. माझे वडील तिच्या बाजूला उभे राहिले आणि ते जिवंत असेपर्यंत पुन्हा कुणी विषय काढला नाही.

पण त्याचा परिणाम असा झाला की ती कुणातच धरली गेली नाही. मेण लावून त्यावर रुपयाएवढं कुंकू रोज सकाळी लावायची, पण लग्नात नवरीला हळद लावायला तिला कुणी हाक मारत नव्हतं. न जाणो, खालून विधवाच असली तर? आणि विधवा बायका दुपारी देवळामागच्या कट्ट्यावर बसायच्या, तिथं कपाळभर कुंकू घेऊन जायची सोय नाही. काकी आपली परड्यात घेवड्याच्या शेंगा सोलत बसायची, कोंबड्यांशी भांडत. तिची एकच इच्छा होती आणि ती तिनं सगळ्या गावाला ऐकवून ठेवली होती. "मला कुंकवानं न्या. हिरवं लुगडं नेसवा, वटी भरा आन् मंग न्या." पण वडील गेल्यावर भावकीतले थोरले, आमचे तात्या, म्हणायला लागले की काकीच्या आधी काकांची क्रिया झालीच पाहिजे. म्हणजे तिचं कुंकू जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. आपण अंथरूण धरलं की हे क्रियेची घाई करतील, हे तिला माहीत होतं, म्हणून ती ताप आला तरी गोधडी घेऊन पडायची नाही.

त्या दिवाळीत मी गावी गेले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काकी, आपल्या काकांच्या समोर जो सेनापती होता ना, त्याचं चरित्र लिहितेय मी." म्हटल्याबरोबर वाटलं, कशाला बोललो आपण! काकीचे हात शेंगांवर थांबले.

"त्यो मुकादम तिकडचा?"

"मुकादम नव्हे, राजाचा मुलगा. मोठा सेनापती."

"मंग त्याला ठावं आसंल," ती म्हणाली. मी म्हटलं, काय ठाऊक असेल? "आगं, त्याच्या शिवंत मानूस गेलं. पाटलाला ठावं आसतंय की, आपल्या शिवंत कोन आलं, कोन गेलं, कोन कुटं पुरलं. त्यो तर राजाचा ल्योक!" आता हिला काय सांगायचं? लाखालाखाचं सैन्य, मैलोगणती चिखल, तिथं माणसाला मुंगीची किंमत नव्हती, हे मी बरंच समजावलं. पण गावच्या शिवेबाहेर तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं, आणि गावात बैल चुकला तरी पाटलाला माहीत असतं. ती मान हलवत राहिली. "इचार की त्याला. तुला विंग्रजी येतंय." मी सांगितलं, तो वारला, दहाएक वर्षं झाली. तेव्हा मात्र ती खट्टू झाली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "बरं, आसू दे. कसा हुता सांग."

मग दर सुट्टीला मी तिला राजपुत्र सांगायला लागले. खरं सांगते, त्या दीड-दोन वर्षांत माझं म्हणणं मन लावून ऐकणारं ते एकच माणूस होतं. सांगलीत कुणाला पडली होती? मी पॅसेंजरमध्येच ठरवत यायची, आज कुठपर्यंत सांगायचं. त्याची पहिली बायको तरुणपणी गेली. लेकरं गेली. थोरला मुलगा तर लढाई नुकती पेटलेली असताना घरी आजारानं वारला आणि बाप तिकडे सैन्यात. हे ऐकून काकीनं "आरं द्येवा" म्हणत पदर डोळ्याला लावला. मला राग आला. म्हटलं, अगं, ह्याच्या तोफांनी आपली माणसं मारली! "व्हय गं," ती म्हणाली, "पर पोरगं त्ये पोरगं."

लढाई हरल्यावर राजांची राज्यं गेली. बापाचं सिंहासन गेलं आणि ह्याचा युवराजपणा नुसता बोलण्यापुरता उरला. पुढं दुसरं लग्न केलं, पुन्हा मुलंबाळं झाली. मग देशात तो नवा राक्षसी अंमल आला, ह्यानं त्याला मुजरा केला नाही, म्हणून परदेशात पळून जाऊन लपावं लागलं. आणि मागं बायकोला, पोरांना धरून छावणीत कोंडलं.

"बायकू टाकून लपला व्हय भाड्या?" काकी उसळली. कोंबड्या पळाल्या.

"टाकून नाही गं. ताटातूट झाली."

"मंग? लढाई सरल्यावर हुडकली का न्हाई तिला?"

"शोधली."

"घावली?"

"घावली. अगदी हाडाचा सापळा होऊन, पण जिवंत."

काकीनं सोललेली शेंगच पुन्हा सोलायला घेतली. "हुडकली म्हन," असं आपल्याशीच पुटपुटली. मी पुढं सांगितलं की ती बाई त्या देशात पुन्हा पाय ठेवायला तयार झाली नाही, परक्या मुलखातच राहिली आणि त्याच्या आधी गेली. शेवटी तोही गेला, म्हातारा होऊन. राजा कधी झाला नाही, पण लोकांनी त्याला राजासारखा नेला, मुकुट ठेवून. ते ऐकल्यावर काकी एकदम माझ्याकडे वळून बसली.

"राजा न्हवता, तरी?"

"तरी."

"आन् कुनी आडवं न्हाई आलं?"

"कोण येणार आडवं?"

"त्यास्नी भावकी नसंल," काकी म्हणाली आणि दोघी खूप हसलो. हसता हसता तिचं लक्ष कुठं गेलं ते मला कळत होतं.

त्यानंतरच्या भाद्रपदात तात्या सांगलीच्या पेठेत हळद घेऊन आले होते, ते माझ्या खोलीवर आले. खाटेच्या कडेला असे बसले की जणू खाट चावणार आहे. एकटी बाई, पुतणी असली तरी काय झालं! चहाचा कप संपेपर्यंत हवापाण्याचं बोलले आणि मग मुद्द्यावर आले. त्यांच्या नातवाच्या लग्नाला पाच-सहा वर्षं होऊन पोर नव्हतं. ब्राह्मणानं पंचांग बघून सांगितलं होतं, घरातला पुरुष क्रियेवाचून अडकलाय, त्याला मोकळा करा. "सर्वपित्रीला करतुया. वैनी आडवी पडंल. तुजं ऐकती ती. तू पुस्तकं वाचलीस, तू येऊन सांग की त्यो मेला."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर नातवाचं दुसरं लगीन. त्या पोरीला म्हायेरी धाडायची. माज्या डोळ्यादेखत वंस बुडू द्यू का मी?"

तात्या गेल्यावर मी तशीच बसून राहिले. स्टो पेटवला नाही. म्हटलं, वा! सगळ्या जगाला एरवी माझी आठवण येत नाही, आणि आली ती ह्यासाठी. ती नातसून मी पाहिली होती, वीस-बावीस वर्षांची, हाताला सारखं काम आणि डोळे खाली. एकीकडे ती आणि एकीकडे काकीचं कुंकू, आणि मधे मी, राजपुत्राची पुस्तकं वाचलेली शहाणी. जाऊच नये असं फार वाटलं. पण गेले नसते तर त्यांनी काकीला जबरदस्तीनं हाताला धरून क्रियेला बसवली असती, म्हणून गेले.

अमावास्येला सकाळीच तात्यांच्या सोप्यात भावकी जमली. कोपऱ्यात पळसाची पानं आणून ठेवली होती, ओली, दोऱ्याचा गुंडा शेजारी. काकी आली आणि खांबाला टेकून बसली. कपाळावर नेहमीसारखं कुंकू, त्या दिवशी जरा जास्तच ठळक. तात्यांनी मला विचारलं, "सांग बाय, तुजी पुस्तकं काय म्हनत्यात?"

माझी पुस्तकं काय म्हणत होती ते मला पाठ होतं. त्या हिवाळ्यात त्या पट्ट्यात खंदकच्या खंदक माणसांसकट गाडले गेले होते आणि कुणाची मोजदाद नव्हती. काका येणार नव्हते, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण काकी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "काका मेले असं कुठंही लिहिलेलं नाही."

"जित्ता हाय आसं लिवलंय का?"

"नाही."

"मंग?" तात्या म्हणाले. मी कोपऱ्यातल्या पानांकडे बघितलं. तेवढ्यात नातसून चहाचं ताट घेऊन माजघराच्या दारात आली आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले. पुढं यावं की मागं जावं हे तिला कळेना. काकी तिच्याकडे बघत राहिली, आणि मग खांबाला धरून उठली.

"भावजी, त्यो मेला," ती म्हणाली. "कवाच मेला. तुमी गोट्या खेळत हुता तवा."

तात्या म्हणाले, "वैनी, आवं काय बोलताय?"

"शेजारच्या गावचा त्यो पाय तुटल्याला शिपाई आलता न्हवं, त्यानं मला बाजारात गाठून सांगितलं. थंडीनं गेला. गोळी न्हाई, काय न्हाई. पाय काळं पडलं, ताप चढला, आन् ह्या शिपायाच्या मांडीवर गेला. दुसऱ्या दिशी तोफा पडल्या, मंग जागाबी ऱ्हायली न्हाई. त्यो शिपाईच म्हनला, पोरी, कुनाला सांगू नगं. बारा वर्सांची हायस, तुजं कपाळ पुसून जलमभर चुलीम्होरं बसवत्याल."

"आन् तू एवढी वर्सं..." कुणीतरी म्हातारी ओरडली.

"व्हय, एवढी वर्सं. कुनी इचारलं मला? सगळ्यांनी सांगितलं, इचारलं कुनीच न्हाई." तिचा आवाज चढला होता, पण रडत नव्हती. "त्याचं तोंडबी मला आठवत न्हाई. लगनात खाली मान, आन् मंग चार म्हयन्यांत गेला की त्यो. ज्याचं तोंड आठवत न्हाई त्याच्या नावानं कोन कुंकू लावंल? म्या तुमच्या भ्यानं लावत हुते. आता करा तुमचं काय करायचं त्ये. आन् ह्या पोरीला कुटं धाडायचं न्हाई. एकीचं झालं त्येवढं बास झालं."

तिला धरायला दोन बायका उठल्या. कुंकू उतरवायचं ते दुसऱ्यांनी, अशी रीत. काकीनं त्यांना हातानं थांबवलं आणि पदराचं टोक घेऊन आपलं कपाळ आपणच पुसलं, घासून घासून, मेणासकट. मला बघवेना, मी मान खाली घातली. मग त्या दोघींचे पाय मागं सरकले, म्हणून वर बघितलं.

कुंकवाच्या जागी, बरोब्बर तेवढंच, हिरवंगार गोंदण होतं.

आमच्याकडे गोंदण सगळ्याच बायकांना असतं, पण ते बारीक ठिपका, नाहीतर तुळस. हे पुरं गोल होतं, रुपयाएवढं, काठोकाठ भरलेलं. इतक्या वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं, कारण तिचं कपाळ कुणी उघडं पाहिलंच नव्हतं. तात्यांनी पुढं वाकून विचारलं, "ह्ये कसलं?"

"त्याच बाजारात गोंदनारीन बसली हुती. शिपाई गेला आन् म्या तिच्याम्होरं जाऊन बसले. लय दुखलं." काकीनं कपाळ पुढं केलं. "ह्ये न्हाई निगत. पुसा की! राकुंडी आना, वाळू आना, काय आनायचं त्ये आना."

कुणी काही आणलं नाही. पळसाच्या पानांचं माणूस झालं, नदीवर त्याला अग्नी दिला, पुरुष अंघोळी करून आले. नातवाचं दुसरं लग्न तात्यांनी पुन्हा तोंडातून काढलं नाही. नातसुनेला पोर झालं का विचाराल, तर नाही झालं. पण सवतही आली नाही.

मला वाटलं होतं, काकी आता खचेल. संक्रांतीच्या सुट्टीला धास्तावूनच गेले, तर परड्यात कोंबड्या एकट्याच. काकी देवळामागच्या कट्ट्यावर, विधवा बायकांच्यात, वाळकाच्या बिया सोलत गप्पा हाणत बसलेली. रात्रीच्या भाकरी थापताना मला सांगत होती, "म्या परड्यात बसल्याली बगून त्यातली एक आली आन् म्हनली, आगं ये की, का उनात बसतीस? आन् सरकून जागा दिली." हसत होती. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "पन्नास वर्सं कट्टा दिसत हुता गं मला हितनं." मी परातीतल्या पिठाकडे बघत राहिले. तिनंच विषय बदलून विचारलं, राजपुत्र छापला का. छापला नव्हता. छापखानेवाले आजारी पडले होते आणि त्यांच्या मुलाला लग्नपत्रिकांशिवाय कशात रस नव्हता.

पुढच्या वर्षी घेवडा काढणीला आला तेव्हा ती गेली. मी पोचले तेव्हा अंघोळ घालून झाली होती. हिरवं लुगडं नव्हतं, ओटी नव्हती. तात्या तसे वाईट नव्हते, पण रीत मोडण्याएवढे चांगलेही नव्हते. रोजच्या लुगड्यात तिला अंगणात आणून ठेवली होती. नवं पांढरं फडकं डोक्यावरनं भुवयांपर्यंत ओढलं होतं, ते नातसुनेनं पुढं होऊन केसांपर्यंत वर सरकवलं आणि ती मागं झाली. गोंदण सगळ्यांना दिसत होतं. ते झाकायला कुणी हात पुढं केला नाही.

मग बायका पाया पडायला उठल्या. आमच्याकडे त्याचीही रीत आहे. सवाष्णी उजवीकडनं येतात, विधवा डावीकडनं. दोन ओळी आपोआप लागल्या, कुणाला काही सांगावं लागलं नाही. मी पिशवी तशीच हातात घेऊन मधे उभी होते, केस विस्कटलेले, पॅसेंजरच्या धुरानं तोंड काळं झालेलं. काकीसाठी ज्या म्हातारीनं कट्ट्यावर सरकून जागा केली होती, ती डाव्या ओळीत पहिली होती. तिनं माझ्या गळ्याकडे बघितलं, मग कपाळाकडे बघितलं आणि अगदी मायेनं विचारलं,

"तू गं? तू कुटल्या अंगाला?"